तीन स्वस्त कीबोर्ड आणि बारा सेंट : एका वाद्य-रॉक बँडच्या पहिल्या अल्बमचे प्रकरण

पार्श्वभूमी

बँड चार जणांचा. दोन गिटार, एक बेस, एक ड्रम्स. गायक नाही आणि कधी शोधलाही नाही. दोघांपैकी एक गिटारवादक निम्म्या रचनांमध्ये गिटार पाठीवर सरकवतो आणि शेजारच्या घडीच्या टेबलाकडे वळतो. टेबलावर तीन छोटे कीबोर्ड. तिन्ही जुने, तिन्ही मुलांच्या हौसेसाठी विकले गेलेले, आणि पट्ट्या इतक्या अरुंद की मोठ्या माणसाचे बोट शेजारच्या पट्टीवर पडतेच. बँडमध्ये त्यांना मॉडेलच्या नावाने कोणी ओळखत नाही, रंगाने ओळखतात. 'तपकिरी'त तयार ठेके आहेत. 'करडा' ८-बिट सॅम्पलिंगचा आहे, म्हणजे त्याच्या माइकसमोर काही वाजवले की तो आवाज पट्ट्यांवर चढतो. 'काळा' एफएम पद्धतीचा, म्हणजे एका कंपनाने दुसरे हलवून आवाज घडवणारा. त्यातले पितळी वाद्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे लागतात, आणि नेमके तेच बँडला आवडतात.

ओळख पटेल असे सगळे मी गाळले आहे. सुरांचे आणि लयीचे आकडे तेवढे तसेच ठेवले, कारण सगळे प्रकरण त्या आकड्यांतच आहे.

माझे काम मिक्सिंगचे, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवण्याचे. माझ्याकडे ट्रॅक आले तेव्हा ध्वनिमुद्रण संपलेले होते, म्हणजे बँडच्या मते संपलेले होते. नऊ रचना होत्या. ड्रम्स, बेस, गिटार असे रीतसर क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठरलेल्या वेगाच्या टिकटिकीवर, वाजवून घेतलेले आणि शेवटच्या दोन दिवसांत त्यावर कीबोर्ड चढवलेले. मुद्रण स्वच्छ होते. पेडलची खरखर नाही, ड्रम्सवर माइक नीट लावलेले, फाइलींना नावे दिलेली. पहिल्या अल्बमचे ट्रॅक इतके टापटीप फार क्वचित येतात.

अडचण

पहिला कच्चा मिक्स मी दोन दिवसांत पाठवला आणि फोनवर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. शेवटी कीबोर्ड वाजवणारा म्हणाला, "अरे, हे आमचं नाही वाटत." ते मलाही जाणवले होते. चार रचना निव्वळ गिटारच्या होत्या, त्या उत्तम उभ्या राहिल्या. कीबोर्ड असलेल्या पाचही रचनांत मात्र गिटारचा बँड एका खोलीत वाजतो आहे आणि शेजारच्या खोलीत कोणाचा तरी फोन वाजतो आहे असे ऐकू येत होते. कीबोर्डचा आवाज वाढवला की तो बोचायचा, कमी केला की नाहीसा व्हायचा. मधली जागा सापडतच नव्हती.

गंमत अशी की याच पाच रचना कार्यक्रमांत सर्वांत जास्त चालायच्या. बँडने मला तालमीत फोनवर केलेले एक मुद्रण ऐकवले. फाटलेले, दबलेले, ड्रम्सखाली बेस बुडालेला. पण त्यात गिटार आणि तपकिरी एकमेकांना धरून वाजत होते. फोनवरच्या मुद्रणात जे होते ते स्टुडिओतल्या मुद्रणातून कुठे गेले, हा आमचा प्रश्न होता.

दोष कुठे होता

आधी सूर तपासला. तपकिरीच्या 'ए'ची कंपनसंख्या ४४० हर्ट्झ असायला हवी, ती ४४३ निघाली. सेंटमध्ये मोजायचे तर बारा सेंट वर; लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले बारा. एकटे वाद्य ऐकताना हा फरक कोणाला कळत नाही. पण ४४० वर लावलेली गिटार आणि हा कीबोर्ड एकच स्वर धरून बसले की आवाज सेकंदाला तीन वेळा फुगतो आणि बसतो. वरच्या सप्तकात तेच स्पंदन सेकंदाला सहा वेळा होते. डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारसोबत ते आणखी उघडे पडते, कारण डिस्टॉर्शन स्वरातले वरचे अंश उचलून पुढे आणते आणि प्रत्येक अंशाचे कीबोर्डशी वेगळे भांडण सुरू होते.

मग तालमीत हे का ऐकू आले नाही? विचारल्यावर बेसवाल्याने अगदी सहज सांगितले : तालमीत ट्यूनर कोणी वापरत नाही. तपकिरीवर 'ई' वाजवायचा आणि सगळ्यांनी त्याला तारा जुळवायच्या, ही तीन वर्षांची सवय. स्टुडिओत गेल्यावर मात्र 'आता नीट करू' म्हणून प्रत्येकाने इलेक्ट्रॉनिक ट्यूनर काढला. नीटपणानेच घात केला होता.

लयीची कथाही तीच. तपकिरीतला ठेका बाहेरून चालवता येत नाही. त्याला मिडी, म्हणजे बाहेरच्या यंत्राशी जोडणारी सोय, नाही, वेग आकड्यांत दाखवणारा पडदा नाही, फक्त एक सरकती कळ आहे. तालमीत ड्रमर त्या ठेक्याच्या मागे वाजवायचा. स्टुडिओत सगळ्यांनी मिनिटाला ११८ मात्रांच्या क्लिकवर वाजवले आणि ठेका नंतर वरून टाकला. तो निघाला ११८.६ चा. तीन मिनिटांत जवळजवळ दोन मात्रांचा फरक पडतो, म्हणून त्यांनी ठेक्याचे एकेका बारचे (म्हणजे एका आवर्तनाचे) तुकडे करून ते क्लिकवर बसवले होते. कापलेल्या जागा ऐकू येत नव्हत्या. तरी ठेक्याची चाल गेली होती. दर बारच्या आरंभी तो किंचित दचकत होता.

तिसरी गोष्ट जागेची. गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ८२ हर्ट्झवर असते, आणि गिटार अँपचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसे काही देत नाही. करड्याच्या वर्गातला सर्वांत परिचित कीबोर्ड म्हणजे १९८० च्या दशकाच्या मध्यात आलेला कॅसिओ एसके-१. त्याचा सॅम्पलिंगचा वेग, म्हणजे आवाज दर सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा, ९.३८ किलोहर्ट्झ आहे. सॅम्पलिंगच्या निम्म्यावरचे स्वरांश टिकत नाहीत हा नियम लावला तर असे यंत्र जेमतेम ४.७ किलोहर्ट्झपर्यंत पोचते. बँडचा करडाही तसाच. खालची बाजू बेसने घेतलेली, वरची झांजांनी, आणि दोन गिटार व तीन कीबोर्ड सगळे मधल्या एकाच पट्ट्यात दाटीवाटीने उभे. महागडा सिंथेसायझर वर-खाली पसरून स्वतःची जागा करून घेतो. याला ते जमत नाही, जागा त्याच्यासाठी करून द्यावी लागते.

चौथी गोष्ट मी उशिरा पाहिली, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी होती. गायक नसलेल्या संगीतातही ऐकणाऱ्याचा कान गायकाला शोधतो. कोणते वाद्य 'गाते' आहे हे त्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात कळावे लागते. या पाच रचनांत धून दर आठ बारनंतर गिटारकडून कीबोर्डकडे, तिथून दुसऱ्या गिटारकडे जात होती. मंचावर कोण पुढे झुकला आहे ते दिसते, त्यामुळे भागून जाते. नुसते ऐकताना धागा तुटतो. हे पूर्वी सोडवले गेले नाही असे नाही. १९६२ मध्ये टॉर्नेडोज या ब्रिटिश वाद्यवृंदाची 'टेलस्टार' ही रचना अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिली आली. तिची मुख्य धून क्लॅव्हिओलिन नावाच्या, एका वेळी एकच स्वर वाजवणाऱ्या छोट्या कीबोर्डवर आहे. मधल्या भागात धून गिटार घेते आणि मग परत देते. एकदा दिली, एकदा घेतली, एवढीच देवघेव. तिथे कोण गातो आहे याचा संभ्रम होत नाही.

समोर असलेले पर्याय

चौघे आणि मी असे पाच जण बसलो. पर्याय चार निघाले आणि प्रत्येकाला एक वकील होता.

ड्रमरचे म्हणणे सरळ होते. "काढून टाका ना तो बाजा. गिटारवर कुणाचं काय अडलंय?" कीबोर्डविना अल्बम करायचा, पाच रचनांत धून गिटारवर घ्यायची. काम कमी, वेळ कमी. आम्ही एक रचना तशी करून पाहिली. वाईट नव्हती. पण मग ती इतर अनेक बँडच्या रचनांसारखी झाली, आणि हे स्वतः ड्रमरनेच कबूल केले.

दुसरा पर्याय माझा होता : आहे त्याच मुद्रणावर दुरुस्ती. कीबोर्डचे ट्रॅक सॉफ्टवेअरने बारा सेंट खाली आणायचे, इक्वलायझरने, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे अंश कमी-जास्त करून, जागा कोरायची. मी एका रचनेवर दिवसभर बसलो. लांब स्वरांचे काम झाले. ठेक्याचा सूर सरकवला की त्यातल्या कडक टिचक्या मऊ पडायच्या, आणि त्या टिचक्यांसाठीच तर ठेका ठेवला होता. सूर जुळला, जीव गेला. हा पर्याय मीच मागे घेतला.

तिसरा, बेसवाल्याचा : तेच आवाज सॉफ्टवेअर वाद्यांतून नव्याने वाजवायचे. सूर हवा तिथे, लय हवी तिथे, बोटाच्या जोराप्रमाणे लहान-मोठा आवाज, आणि सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी सगळे जागच्या जागी. कीबोर्डवाला यावर चिडला. म्हणाला, मग आम्ही तीन वर्षं ते टेबल कशाला वाहिलं? वाद भावनेवर जाऊ नये म्हणून मी तीन तुकडे दोन्ही प्रकारे तयार केले आणि कोणता कुठला हे न सांगता ऐकवले. दोन तुकड्यांत चौघांपैकी तिघांनी सॉफ्टवेअर निवडले, त्यांत कीबोर्डवालाही होता. तिसऱ्या तुकड्यात, जिथे तपकिरीचा ठेका उघडा वाजतो, चौघांनीही मूळ यंत्र ओळखले आणि तेच निवडले. या चाचणीने कोणाचेच पूर्ण समाधान झाले नाही, पण एक गोष्ट साफ झाली. 'अस्सल यंत्र' हा मुद्दा सगळीकडे सारखा लागू नव्हता. भरगच्च गिटारखाली तो फारसा ऐकूच येत नव्हता. उघड्या जागी तोच सर्व काही होता.

चौथा पर्याय पुन्हा मुद्रणाचा. क्रम उलटा करायचा : कीबोर्ड आधी, बाकी सगळे त्याला जुळवून. तालमीत जे आपोआप होत होते तेच स्टुडिओत मुद्दाम करायचे.

निर्णयाची जागा इथे होती, आणि तो मला वाटले होते तसा 'सगळे किंवा काहीच नाही' असा घ्यावा लागला नाही. बेसवाल्याने वहीत पाच रचना मांडल्या आणि प्रत्येकीत नेमके काय बिघडले आहे ते लिहिले. तीन रचनांत तयार ठेका नव्हताच, फक्त सुराचा घोळ होता. म्हणजे ड्रम्स जसेच्या तसे राहू शकत होते. बेस आणि गिटार तेवढे ४४३ वर लावून पुन्हा वाजवायचे. उरलेल्या दोनांत ठेका होता, त्या मुळापासून करायच्या. पाच रचनांच्या पुनर्मुद्रणाला नकार देणारा ड्रमर दोनांना लगेच तयार झाला.

काय केले

ट्यूनर ४४३ वर. बहुतेक ट्यूनरमध्ये ही सोय असते, आणि बहुतेकांनी ती कधी उघडून पाहिलेली नसते. करड्याला आणि काळ्याला मागे सूर फिरवण्याची खाच होती, ते दोघे तपकिरीला जुळवले. तपकिरी कशालाच जुळत नव्हता, म्हणून तोच षड्ज ठरला.

ठेक्याच्या दोन रचनांसाठी आधी फक्त तपकिरी मुद्रित केला, रचनेच्या पूर्ण लांबीपेक्षा मिनिटभर जास्त. त्याआधी अर्धा तास त्याला चालू ठेवून तापू दिला, कारण थंड यंत्राचा वेग पहिल्या काही मिनिटांत किंचित हलतो असे दिसले होते. मग सॉफ्टवेअरमधली मोजपट्टी ठेक्यावर बसवली. ठेक्याला मोजपट्टीवर बसवले नाही. ड्रमरच्या हेडफोनमध्ये क्लिक नव्हता, ठेकाच होता. दुसऱ्याच टेकला तो हसत बाहेर आला.

आवाज घेण्यात थोडी गंमत झाली. या कीबोर्डांना अडॅप्टर लावला की ५० हर्ट्झची गुणगुण येते, ती बॅटरीवर जाते. म्हणून सगळे बॅटरीवर, प्रत्येक रचनेला नव्या बॅटऱ्या. हेडफोनच्या भोकातून डीआय बॉक्समार्फत (वाद्याचा सिग्नल मुद्रणयंत्राला जुळवून देणारी डबी) एक तार, आणि कीबोर्डच्या स्वतःच्या छोट्या स्पीकरसमोर एक माइक. त्या स्पीकरला खर्ज नावाची गोष्ट माहीत नाही, पण त्याच्या प्लॅस्टिकच्या खोक्याची थरथर माइकमध्ये येते आणि ती तारेतून कधीच येत नाही. दोन्ही मिसळताना एकाचा फेज (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून पाहावा लागतो, नाहीतर आवाज पोकळ होतो. एका रचनेत कीबोर्ड सरळ गिटारच्या पेडलमधून अँपला दिला. तिथे तो गिटारचा चुलतभाऊ वाटू लागला, आणि तेच हवे होते.

पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच, ही अडचण होतीच. चौथ्या रचनेत एक लांब चढ आहे. कीबोर्डवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून बेसवाला टेबलासमोर गुडघ्यांवर बसून आवाजाची कळ सरकवत होता. सातव्या टेकला साधले. अल्बमच्या श्रेयनामावलीत त्याच्या नावापुढे 'बेस, आणि एक कळ' असे आहे.

जागेचा प्रश्न वाजवणाऱ्यांनीच सोडवला, माझ्या इक्वलायझरने नाही. जिथे कीबोर्ड गातो तिथे ऱ्हिदम गिटारने पूर्ण कॉर्डऐवजी फक्त मूळ स्वर आणि पंचम धरायचा, किंवा गप्प बसायचे. गिटारवादकांना गप्प बसायला सांगणे सोपे नसते. दुसऱ्या, मोठ्या गिटारवाल्याने एका रचनेत सोळा बार नुसते उभे राहायचे मान्य केले, पण त्यासाठी दोन दिवस लागले. मिक्समध्ये कीबोर्ड मोनो आणि मध्ये, दोन्ही गिटार दोन टोकांना. नेहमी गायकाला देतात ती जागा कीबोर्डला दिली. धून प्रत्येक रचनेत एकाच वाद्याकडे ठेवली आणि फार तर एकदाच हस्तांतर.

आणखी एक छोटा निर्णय. सातव्या रचनेच्या शेवटी गंमत म्हणून तपकिरीची डेमोची धून काही सेकंद वाजत होती. ती काढली. तयार ठेका वापरण्याला मोठी परंपरा आहे. कॅसिओच्या एमटी-४० मधला 'रॉक' ठेका १९८५ मध्ये जमैकातला निर्माता किंग जॅमी आणि गायक वेन स्मिथ यांच्या 'अंडर मी स्लेंग टेंग' या रेगे गाण्याचा पाया झाला, आणि तो ठेका ओकुदा हिरोको या तरुण अभियंतीने रचलेला होता. पण ठेका आणि धून यांत फरक आहे. यंत्रातली डेमोची धून ही कोणाची तरी रचना असते, आणि आठ सेकंदांच्या विनोदासाठी परवानगीच्या मागे लागायची कोणाची तयारी नव्हती.

मध्येच बिघडले ते

करड्याने दगा दिला, म्हणजे खरे तर आम्हीच. सहाव्या रचनेचा मुख्य आवाज असा होता : गिटारच्या बाराव्या पडद्यावर हलके बोट ठेवून छेडलेला हार्मोनिक करड्याच्या माइकमध्ये घेतला होता आणि पट्ट्यांवर वाजवला होता. काचेचा पेला किणकिणावा तसा आवाज, पण मागे खोलीची हवा घेऊन आलेला. तो सगळ्यांना इतका आवडला की रचनाच त्यावर बेतली. मग नव्या बॅटऱ्या घालण्याच्या शिस्तीत कोणीतरी करड्याच्या बॅटऱ्या काढल्या. अशा यंत्रात वीज गेली की सॅम्पल जाते. मुद्रण झाले होते फक्त पहिल्या निम्म्या भागाचे.

पुन्हा तोच हार्मोनिक, तीच गिटार, तीच खोली. पंधरा-वीस प्रयत्न झाले आणि तो आवाज परत आला नाही. दोन वाटा होत्या. झालेल्या अर्ध्या मुद्रणातून एकेक स्वर कापून उरलेला भाग सॉफ्टवेअरमध्ये जुळवायचा, किंवा दुसरा निम्मा भाग वेगळ्या आवाजावर न्यायचा. मी पहिल्या वाटेच्या बाजूने होतो. बँडने दुसरी घेतली आणि दुसरा भाग काळ्याच्या पितळी आवाजावर नेला. आता ऐकताना वाटते की रचना तिथेच उघडते. मी चुकलो होतो. पण तो अपघात होता, आणि त्याला नंतर 'कल्पना' म्हणणे बरे नव्हे. मुलाखतींमध्ये ते तसे म्हणतात, तो भाग वेगळा.

निकाल

नऊपैकी आठ रचना अल्बममध्ये राहिल्या. एकूण ३८ मिनिटे. एलपीच्या एका बाजूला २०-२२ मिनिटांपेक्षा जास्त भरले तर आवाज दबवावा लागतो, त्यामुळे पुढे तबकडी काढायचे ठरले तेव्हा १८ आणि २० अशी विभागणी सहज बसली. वगळलेली रचना गिटारची होती आणि चांगली होती. तिच्यासारखी आणखी एक आहे, एवढेच तिचे दुर्दैव.

क्रम लावताना एक अडचण आली जिचा विचार कोणी केला नव्हता. तीन रचना ४४० च्या, उरलेल्या ४४३ च्या. 'ई' मायनरमधली ४४० ची रचना संपून 'ई' मायनरमधलीच ४४३ ची सुरू झाली की पहिली खाली लागलेली वाटते, जणू कोणी शेवटी ढेपाळले. कारण कळत नाही, फक्त चुकल्यासारखे वाटते. क्रम बदलून अशा जोड्या तोडल्या, आणि एका जागी दोघांमध्ये तपकिरीच्या नुसत्या गुणगुणीची बारा सेकंदे ठेवली. अडॅप्टरची जी गुणगुण आम्ही इतक्या कष्टाने घालवली, तीच इथे मुद्दाम मुद्रित करावी लागली.

ऐकणाऱ्यांचे काय? ज्यांनी बँडला मंचावर ऐकले होते त्यांच्यातल्या काहींना अल्बम 'लहान' वाटला. त्यांचे चूक नाही. सोळा बार गप्प बसलेली गिटार छातीवर आदळत नाही. ज्यांनी बँड आधी ऐकला नव्हता ते तिसऱ्या रचनेची धून गुणगुणत असल्याचे बँडला दोन-तीन ठिकाणी आढळले. गायक नसलेल्या बँडची धून लोक गुणगुणतात याचा आनंद चौघांना झाला, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

एक खेळणे मात्र मंचावर महागात पडले. पाच रचना ४४३ च्या म्हणजे कार्यक्रमात मध्येच सूर बदलणे आले. शेवटी त्यांनी सगळाच कार्यक्रम ४४३ वर नेला. मंचावर ट्यूनरची सवय सुटत नव्हती, म्हणून ट्यूनरवरच्या आकड्याला काळी चिकटपट्टी लावली, कोणी चुकून ४४० करू नये म्हणून.

पुन्हा करायचे झाले तर

पहिली गोष्ट, स्टुडिओत जाण्यापूर्वी तालीम नुसती ऐकायची नाही, पाहायची. कोण कोणाला जुळवून घेतो, लय कुठून येते, खूण कोण देतो. फोनवरच्या त्या फाटक्या मुद्रणात सगळी उत्तरे होती आणि ते मुद्रण मला पहिल्या मिक्सनंतर मिळाले. हे मागायचे काम माझे होते. मी टापटीप फाइली पाहून खूश झालो आणि विचारले नाही.

सॅम्पल घेतल्या क्षणी त्याच्या प्रत्येक पट्टीचा स्वर एकेक करून मुद्रित करायचा. दहा मिनिटांचे काम आहे. कीबोर्डच्या सगळ्या कळा कुठे आहेत त्याचे छायाचित्र काढायचे. या यंत्रांना स्वतःची आठवण नसते, ती दुसऱ्या कोणाला तरी ठेवावी लागते.

श्रेयाचा निर्णय आम्ही फार उशिरा घेतला. शब्द नसले की गीतकाराचा वाटा नसतो, आणि 'धून कोणाची' हा प्रश्न उघडा राहतो. कीबोर्डवाल्याच्या पाच धुना होत्या, पण त्या उभ्या राहिल्या त्या इतरांनी मागे सरकून जागा केल्यामुळे. गप्प बसण्याचे श्रेय किती टक्के? शेवटी चौघांत समान वाटे झाले, पण तो निर्णय मिक्स संपल्यावर, थकलेल्या अवस्थेत झाला आणि मोठ्या गिटारवाल्याच्या मनात काहीतरी राहिले असावे असे मला वाटते. पुनर्मुद्रण ठरले त्याच दिवशी हे बोलून घ्यायला हवे होते.

चौथ्या रचनेवर आमचे अजून पटत नाही. त्या लांब चढासाठी सात टेक, गुडघ्यांवर बसलेला बेसवाला, आणि तरी मिक्समध्ये गिटार इतक्या वर येतात की कीबोर्ड मूळ यंत्राचा आहे की सॉफ्टवेअरचा हे मला स्वतःला सांगता येत नाही. तिथे मी सॉफ्टवेअर घेतले असते आणि वाचलेला दिवस सहाव्या रचनेला दिला असता. कीबोर्डवाला म्हणतो, "तुला ऐकू येत नाही, पण वाजवताना आम्हाला येत होतं ना." यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि माझे मतही बदललेले नाही.

आणि तपकिरी. अल्बम निघाल्यावर काही महिन्यांत तो एका कार्यक्रमाआधी चालूच झाला नाही. अख्खा अल्बम ज्याच्या सुराला लावला होता ते यंत्र गेले. त्याच मॉडेलचा दुसरा शोधून आणला. तोही तपकिरी, तेच ठेके, फक्त सूर ४४० पेक्षा पाच सेंट वर. ड्रमरने ट्यूनरवरची चिकटपट्टी काढली, आकडा ४४१ केला आणि पट्टी परत लावली.